फेटा आणि ओटी

ती. आबांना,

हे पत्र पोस्टात पडणार नाही. दमलेय, म्हणून लिहितेय.

तुमच्या मोडलेल्या खुब्याचं ऑपरेशन झालं तेव्हा भूल कमरेखालीच होती, तुम्ही जागे होता. पडद्याआडून हातोडीचे ठोके ऐकून म्हणालात, "काय ताकद हाय गड्याच्या हातात!" हातोडी माझ्या हातात होती.

आज काकूला घेऊन लासुर्ण्याहून बारामतीला आमच्या दवाखान्यात आलात आणि फेटा बांधलात तो भूल देणाऱ्या रविराज डॉक्टरांना. "अहो, ऑपरेशन तुमच्या पुतणीनं केलंय," ते दोनदा म्हणाले. तुम्ही हसलात. "व्हय, पोरगी मदतीला होतीच की!"

मग काकूनं माझी ओटी भरली. "आता पाळणा हलू दे," म्हणाली. अशा खणांनी माझं कपाट भरलंय, आबा. फेटा एकही नाही.

वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू? पण दारापासून रविराज डॉक्टरांपर्यंत तुम्ही काठीशिवाय चालत गेलात, तेव्हा मी फेट्याकडं नाही, तुमच्या पावलांकडं बघत होते.

जरासुद्धा लंगडत नाही तुम्ही.

तुमची,
छकुली