फाटकाच्या आतली नोटीस

बुधवार, ४ मार्च

प्रिय ताई,

साष्टांग नमस्कार. आम्ही सगळे खुशाल आहोत, असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. मी मात्र नाही. माझ्या लेकीचा, तुझ्या भाचीचा, दातांचा दवाखाना नव्या इमारतीत निघणार, हे फोनवर सांगितलं होतं. इमारत कुठली, ते तू विचारलं नाहीस आणि मीही विषय बदलला.

ती तुझ्याच जागेवर उठणार आहे. रुग्णालयासमोरची, पेशंटच्या नातेवाइकांना फुकट उतरता यावं म्हणून तू दान दिलेली जागा. आमच्या ट्रस्टचे विश्वस्त ती बिल्डरला विकताहेत. दानाचा हेतूच उरला नाही असं दाखवलं, की धर्मादाय कार्यालयाची परवानगी सोपी होते. म्हणून आधी तिथल्या खोल्यांचं पाणी तोडलं. मग रुग्णालयाच्या दारातली, या खोल्यांचा पत्ता सांगणारी आपली पाटी रंगवायच्या नावाखाली काढली. वर्षभर कोण फिरकणार? आणि उतरणाऱ्यांची कोरी राहिलेली नोंदवहीच पुरावा म्हणून जोडली! बैठकीत अध्यक्ष बिस्किटाचे तुकडे तोंडातून उडवत म्हणाले, "लोकांनाच नको, तर आपण काय करणार?" सगळे खो खो हसले. मला शिसारी आली. तरी हसलो मीही.

काल एक बाई रुग्णालयाच्या कुंपणावर कपडे वाळत घालत होती. मला म्हणाली, "दादा, इथं जवळपास राहायची सोय आहे का हो?"

"नाही," म्हणालो आणि सटकलो.

पाटी माझ्या घरी माळ्यावर पडली आहे, ताई. चिटणीस म्हणून ती मीच काढली. कोणी येत नाही, या शपथपत्रावर सही माझीच. भाचीचा गाळा त्या सहीच्या बदल्यात मिळतोय. तिला यातलं काही ठाऊक नाही. आरशात तोंड बघायची लाज वाटते मला.

लोकांना हरकत घेता यावी म्हणून जागेवर नोटीस लावावी लागते. ती मी फाटकाच्या आतल्या अंगाला चिकटवली आणि बाहेरून कुलूप घातलं. मुदत सोमवारी संपते. जागा देणारी तू आहेस. तू लेखी हरकत घेतलीस, तर त्यांना सहजासहजी रेटून नेता येणार नाही.

शिव्या हव्या तेवढ्या दे, पण हे पत्र फाडू नकोस. हरकतीला जोड. म्हणूनच खाली घरचं नाव न लिहिता शपथपत्रावर केली तशीच पूर्ण सही करतो आहे.

तुझा भाऊ आणि त्यांचा चिटणीस,
(सही)