न्हाऊ घातलेलं करडू

आये, काल माझ्या गोठ्यात पहिलं करडू जन्मलं. तुझ्यासारखं चुलीमागच्या पडवीत शेळ्या बांधत नाही मी. मुरबाडच्या रस्त्याला गोठा उभारलाय, जमिनीपासून उंच, फळ्यांचा. लेंड्या खाली पडतात आणि वर कोरडं राहतं. शेळ्या उस्मानाबादी जातीच्या आहेत. त्या चरायला जात नाहीत, पालाच त्यांच्यापुढे येतो, आणि बोकड काट्यावर तोलून विकायचे. तू हसली असतीस. "शेळी बांधून ठेवतोस? मंग ती शेळी कसली, सासुरवाशीण झाली," असं काहीतरी म्हणाली असतीस.

शेळी पहिलटकरीण होती. करडू सुखरूप बाहेर पडलं. स्वच्छतेचं मला किती वेड ते तुला ठाऊक आहे. सातवीत शाळा सुटेपर्यंत पाटीवर एक डाग मी राहू दिला नाही. त्यात शेळीपालनाच्या प्रशिक्षणात ऐकलेलं सगळं डोक्यात घोळत होतं. म्हणून त्या चिकट, पिवळ्या जिवाला मी उचललं, कोमट पाण्यानं आणि साबणानं न्हाऊ घातलं, कोरडं केलं आणि शेळीपुढे ठेवलं. तिनं हुंगलं आणि अशी धडक दिली की ते फळ्यांवरून घसरत गेलं. पुन्हा ठेवलं, पुन्हा धडक. तिच्या लेखी ते कुणा दुसरीचं होतं. तिचा वास मीच धुऊन टाकला होता. तिला धरून पाजायला गेलो तर तिनं लाथा झाडल्या, पान्हा चोरला. करडू गार पडत चाललं. पोटात चीक गेला नाही तर ते संध्याकाळ बघणार नव्हतं.

पाला आणून देणारी मावशी दारात उभी राहून म्हणाली, "न्हाऊ घातलंस? आता पावडर लाव नि बारसं कर."

तेव्हा मला आपलं डोळखांबचं स्वयंपाकघर आठवलं. तू नाचणीची भाकरी थापतेयस. आपली काळी शेळी करडाला जवळ येऊ देत नाहीये. तू पिठाच्या हातानं उठतेस आणि आपल्या कुत्र्याला ओढत तिच्यापुढे आणतेस. मी ओरडतो, "आये, खाईल ना तो त्याला!"

"खाऊ द्यायचं का नाय ते तिला ठरवू दे."

"आणि तिनं नाय ठरवलं तर?"

"मंग मलापण ठावं नाय रे. गप बघ."

शेळीनं कुत्र्याकडे पाहिलं, पाय आपटला आणि करडाला पोटाखाली घेतलं. तुझ्या हातावरचं पीठ तोवर सुकून गेलं होतं.

मी मावशीला म्हटलं, "तुझा कुत्रा आण." ती म्हणाली, "येडा झालास का रे? रोज त्याला ढेकळं मारतोस, नि आज पावना म्हणून बोलावतोस?" पण आणलान तिनं, दोरीला धरून. त्यानं करडाच्या दिशेनं नाक पुढे केलं मात्र, शेळीच्या पाठीवरचे केस उभे राहिले. ती मध्ये आली. डोकं पुन्हा खाली गेलं, पण या वेळी रोख कुत्र्यावर होता. तो शेपूट घालून मावशीच्या लुगड्यामागे लपला. मग शेळी वळली, थरथरत, आणि करडाला चाटू लागली, तोंडापासून शेपटीपर्यंत, सावकाश. करडानं धडपडत सड शोधला आणि त्याची शेपटी हलायला लागली.

मी फळ्यांवर बसूनच राहिलो. घटकाभरापूर्वी जे परकं होतं, त्याच्यासाठी ती मरायला उभी राहिली होती. तिला हे कुणी शिकवलं? तिची आई तर बाजारातच राहिली. एवढं सगळं तिच्या आत कुठं होतं, आये, आणि ते बाहेर यायला कुत्र्याचं एक नाक पुरलं?

हे पत्र टाकायला पत्ता नाही. घडी करून ठेवून देईन. एकच सांगायचं राहिलं. कुत्रा आत शिरला तेव्हा माझ्या तोंडून मोठ्यानं "आये" निघालं. मावशीनं विचारलं, "कोणाला हाक मारलीस?" मी शेळीकडे बोट दाखवलं.