दुसऱ्या खाटेवरचे ठोके

५ मार्च, बुधवार
चर्चमधून कपाळाला राख लावून ऑफिसात. उपवासाचे दिवस सुरू. ईस्टरपर्यंत कोका-कोला बंद, टेस्टिंगमधल्या रोसियोशी वाद बंद, आणि मॉनिटर तयार करून इस्पितळाच्या हवाली. तिन्ही सहज शक्य.

कासिमिरो सर गेल्यापासून हा प्रोजेक्ट माझ्याकडे. एक खोका, दोन पेशंट, स्क्रीनवर दोन हृदयं. हृदयाचं इवलंसं व्होल्टेज मोजून त्याचे आकडे करणारी चिप निवडायची, एवढंच खरं काम. सरांनी प्रत्येक खाटेला वेगळी चिप ठरवली होती, वर प्रत्येक चिपच्या पुढे सिग्नलला जोर देणारा एक बफर अॅम्प्लिफायर. देवमाणूस, पण हात सैल. मी आज दोन्ही खाटांना मिळून एकच चिप निवडली. ती आळीपाळीने दोघांचं मोजते. बफरही काढून टाकले. डेटाशीटच्या पहिल्याच पानावर लिहिलंय की गरज पडत नाही. पहिल्या पानापुढे मी वाचत नाही. पहिलं पान इंजिनियर लिहितात, पुढची वकील.

रोसियोचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. टेस्टिंगवाल्यांना सौंदर्यदृष्टी नसते.

१४ मार्च, शुक्रवार
बोर्ड आला! तळहातावर मावतो.

पहिल्या खाटेच्या वायरी सिम्युलेटरला लावल्या. (तो डबा खोटे ठोके देतो, पेशंट लागत नाही.) दुसऱ्या खाटेच्या वायरी टेबलावर मोकळ्या. पहिल्या खाटेवर ठोके, सुबक. दुसऱ्या खाटेवरही ठोके.

बारीक. पण ठोके.

वायरी कोणालाच लावलेल्या नाहीत. पुन्हा पाहिलं. नाहीत.

बाहेरून विजेचा त्रास; कारण उघड आहे. फ्रिज.

१८ मार्च, मंगळवार
फ्रिज नाही. तीन दिवसांच्या सुट्टीभर प्लग काढून ठेवला होता, आत बॉसची बिर्रिया, म्हणजे मटणाचा रस्सा, होती; नासली. बॉस फिगेरोआसाहेब बरंच बोलले. मी मान खाली घालून ऐकलं. उपवासात नम्रता बरी.

ट्यूबलाइट बंद करून पाहिल्या. सगळ्यांचे मोबाइल बिस्किटाच्या डब्यात भरले. ठोके चालूच. रोसियो म्हणाली, पहिल्या खाटेचा सिम्युलेटर बंद करून बघा ना. मी म्हटलं, उपवासात मी वाद घालत नाही. संकल्प पाळला गेला.

२० मार्च, गुरुवार
एक गोष्ट कोणी बोलत नाही, म्हणून इथे लिहितो. हे टेबल सरांचं. डिसेंबरात जेवणाच्या सुट्टीत ते याच टेबलाशी कोसळले. वायरी स्वतःच्या छातीला लावून जुना बोर्ड तपासत होते. याच वायरी. दुसऱ्या खाटेच्या.

तेव्हापासून सुट्टीत या खोलीत कोणी जेवत नाही. सगळे कोपऱ्यावर भरल्या पावाचा तोर्ता खायला जातात. मी थांबतो. काम असतं.

आज काम नव्हतं. खोलीत मी आणि ते ठोके. स्क्रीन भिंतीकडे फिरवून ठेवला. पाठ करून बसलेला स्क्रीन जास्त वाईट दिसतो. परत फिरवला.

२५ मार्च, मंगळवार
सरांच्या पत्नी एर्मेलिंदाबाई आल्या, सरांचा कॉफीचा मग आणि स्वेटर न्यायला. स्क्रीन दिसला. दुसऱ्या रेषेवर बोट ठेवून विचारलं, हे कोणाचे? मी म्हटलं, कोणाचेच नाहीत.

त्यांनी स्टूल ओढलं आणि बसल्या. स्वेटर मांडीवर. सुट्टी संपेपर्यंत नजर रेषेवर. निघताना म्हणाल्या, "इंजिनियर, उद्या आले तर चालेल?"

काय म्हणणार? चालेल म्हटलं. उद्या नीट समजावून सांगीन की हा तांत्रिक दोष आहे. म्हणजे दोष नव्हे. तांत्रिक काहीतरी.

२७ मार्च, गुरुवार
सांगितलं नाही. त्यांनी कापिरोतादा करून आणला होता. पावाच्या गोड शिऱ्याचा घास तोंडात असताना असलं काही सांगता येत नाही.

बाई स्क्रीनशी बोलतात. गच्चीवरची टाकी गळते, धाकटीने केस कापले, शेजारच्या कुत्रीला पिल्लं झाली. मी आपला नुसता बसलेला. बरं दिसेना, म्हणून शिष्टाचार म्हणून विचारलं, "काय सर, तब्येत कशी आहे?"

प्रश्न चुकला. बाई खूप हसल्या. मग रडल्या. मग डबा घासून ठेवला.

१ एप्रिल, मंगळवार
आज शांतपणे विचार केला. चिप बरोबर आहे, कारण ती मी निवडली. बोर्ड बरोबर, कारण मी आखला. सॉफ्टवेअरही माझंच. मग उरलं काय?

सर उरले.

मी विज्ञानाचा माणूस. पण पुरावा समोर असताना डोळे मिटून घेणं हे काही विज्ञान नव्हे. फार दिवसांनी हलकं वाटलं. बॉसनी त्या ठोक्यांचं कारण विचारलं. "बाह्य कारण आहे," म्हटलं. खोटं नाही.

३ एप्रिल, गुरुवार
सुट्टीत बाई यायच्या आधी सरांना विचारलं, चिप बदलली म्हणून रागावलात का? ठोके एकदम जलद झाले. माझ्या हातातला घास तसाच राहिला.

रोसियो कधी आली कळलं नाही, खिडकीजवळच्या सिम्युलेटरपाशी उभी होती. म्हणे तिने नुकताच सिम्युलेटरचा खटका मिनिटाला नव्वद ठोक्यांवर नेला होता. योगायोग.



८ एप्रिल, मंगळवार
रोसियोने दार लावलं आणि सगळं एका दमात बोलली. चिपच्या पोटात एक बारकासा कॅपॅसिटर असतो. तो पहिल्या खाटेचं व्होल्टेज भरून घेतो, मोजतो, आणि पुरता रिकामा व्हायच्या आत दुसऱ्या खाटेकडे वळतो. बफर असते तर त्यांनी त्याला झटक्यात नव्या व्होल्टेजवर आणलं असतं. आता पहिल्याचं उरलंसुरलं दुसऱ्याच्या नावावर दिसतं.

"साल्साचा चमचा न धुता साखरेत घातलाय तुम्ही," म्हणाली, "आणि साखर तिखट लागली की म्हणता भूत आलं!"

मी म्हटलं, माणूस जोडला की दुसरी रेष बरोबर येते. मोकळ्या वायरींचं एवढं काय?

 ती हळू म्हणाली, "इंजिनियर, उद्या दुसऱ्या खाटेवरच्याची वायर निसटली, किंवा त्याचं हृदयच थांबलं, तर हे यंत्र शेजाऱ्याचे ठोके त्याचे म्हणून दाखवील. नर्स दारातून बघेल, ठोके चालू आहेत. पुढे निघून जाईल."

मी ओरडलो. काय ओरडलो ते लिहीत नाही. मग खाली जाऊन कोका-कोला प्यायलो, मोठी बाटली. दोन संकल्प गेले. तिसरा शाबूत. इस्पितळाचे लोक शुक्रवारी येतायत.

१० एप्रिल, गुरुवार
सकाळभर ठरवत होतो की सिम्युलेटर आज बंद करायचाच. पण सुट्टीत करू. सुट्टी झाली तर बाई आल्या. म्हटलं, त्या गेल्या की करू.

रोसियो सिम्युलेटरच्या बटणापाशी उभी राहिली. "तुम्ही करता की मी करू?"

मी बाईंकडे पाहिलं. त्यांना म्हटलं, तुम्ही जरा बाहेर थांबता का? त्या हलल्या नाहीत. "करा ना," म्हणाल्या.

मी बटण दाबलं.

पहिली रेष सरळ झाली. त्याच क्षणी दुसरीही.

 बटणावरून बोट उचलेना. वाटलं, सर पुन्हा गेले आणि या वेळी माझ्या हातून.

मी म्हणालो, "बाई, ते पहिल्या खाटेचं उरलेलं होतं. चिप चुकली. मी चुकीची निवडली." आवाज माझाच होता, पण दुसऱ्याच कोणाचा वाटला.

बाई स्वेटरची बाही सारखी करत होत्या. "ते ठाऊक होतं हो मला. कासिमिरोचं काळीज एवढं सरळमार्गी कधी चाललंच नाही. जरा धावायचं, अडायचं, मग एकदम उडी मारायचं. इतकी वर्षं त्याच्या छातीवर कान ठेवून झोपले मी."

मग रोज का येत होतात, असं विचारलं.

"घरी त्याचं नाव काढलं की मुली विषय बदलतात. इथे तुम्ही त्याच्याशी बोलायचात. काहीच्या बाही बोलायचात, पण बोलायचात."

त्या उठल्या, सरांचा कॉफीचा मग घेतला आणि गेल्या. आम्ही दोघं सरळ रेषा बघत उभे.

११ एप्रिल, शुक्रवार
इस्पितळाच्या लोकांना मीच सांगितलं की यंत्र तयार नाही, खाटेजवळ नेऊ नका. बॉसच्या कपाळावरची शीर दिसली. दुपारी प्रोजेक्ट रोसियोकडे. मी स्वखुशीने दिला. म्हणजे त्यांनी काढून घेतला तेव्हा मी हरकत घेतली नाही.

२९ एप्रिल, मंगळवार
रोसियोचा बोर्ड आला. दोन चिपा, दोन बफर, सरांच्या निवडीबरहुकूम. आकाराने माझ्या दुप्पट. मी ते बोलून दाखवलं. कोणी लक्ष दिलं नाही.

पहिल्या खाटेवर ठोके. दुसऱ्या खाटेवर सरळ रेष आणि लाल अक्षरात 'पेशंट जोडलेला नाही'. रोसियोने सिम्युलेटर हळू केला, जलद केला, बंद केला, चालू केला. दुसरी रेष हलली नाही. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मीही.

सुट्टीत सगळे जेवायला गेले. आज पार्टी आहे, चला, असं रोसियो म्हणाली. आलोच म्हटलं.

दार लागल्यावर स्टूल ओढून बसलो. "सर, बोर्ड चालला," म्हटलं.

बराच वेळ थांबलो. रेष सरळच. डिझाइनच तसं आहे.