आगे कोन

काल्हेर, मंगळवार, २००९

गाडीतल्या रस्ता सांगणाऱ्या यंत्राने आज पुन्हा चुकवलं. कल्याणला निघालो, तर त्यातल्या बाईने थेट नव्या गोदामाच्या भिंतीपुढे नेऊन उभं केलं. तिच्या नकाशात तिथे अजून रस्ताच आहे. मुलाने दिलेल्या फोनवर खरा रस्ता दिसत होता. फोन चुकत नाही, मान्य. पण तो मुका. नुसता निळा ठिपका सरकतो.

संध्याकाळी मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, ते यंत्र काढून टाका आता." काढतो म्हटलं. काढलं नाही. का, ते त्याला कसं सांगू?

कल्याण रस्त्यावर कोन गाव जवळ आलं की ती बाई म्हणते, "आगे कोन." माझी बायको सुमन असताना मी दार वाजवलं की आतून असंच यायचं, "कोन?" मी हाय, असं म्हटल्याशिवाय कडी निघायची नाही. ती वारल्यापासून मीच किल्लीने दार उघडतो. कोणी विचारत नाही. फोन तर मुकाच.

आज परतताना बाई बोलली, "आगे कोन."

गाडीत एकटाच होतो. म्हटलं, "मी हाय."