आईच्या बाजूचं दार

दि. ४ डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझी बोट बंदराला लागेल तेव्हा हे मिळावं म्हणून घाईने लिहिते आहे. आईचं प्लास्टर मांडीपर्यंत आहे. दर मंगळवारी तिला दवाखान्यात मी नेते, आणि गाडी आपली तीच म्हातारी. हीटरचा पंखा आधी नुसता किंचाळायचा. परवा उतारावर काचेवर वाफ धरली म्हणून तो मोठा केला, तर जळका वास सुटला. आई मागे पाय लांब करून बसलेली, आणि तिच्या बाजूचं दार आतून उघडत नाही. बाबा म्हणतात, धूळ जळली असेल, राईचा पर्वत करू नकोस.

तू जहाजाची इंजिनं सांभाळतोस, मग या पंख्याचंही तूच सांग. माया आहेच, तशीच असू दे.

तुझी,
खारूताई

दि. १२ डिसेंबर

चि. खारूस,
अनेक आशीर्वाद.

पर्वत नाही, खरंच भिण्यासारखं आहे. पंख्याची मोटार जड फिरू लागली की जास्त करंट ओढते. अशा वेळी फ्यूज उडायला हवा. तुमचा का उडत नाही, या विचाराने माझी झोप उडाली आहे. फ्यूजचं झाकण उघडून बघ. आपले बाबा म्हणजे बंद पडलेलं काहीही चालू करून दाखवणारे!

आईला त्या गाडीत बसवू नकोस. नवी मोटार पार्सलने पाठवली आहे. आधी बॅटरीची वायर काढ. पुढच्या सीटसमोरचा खण काढलास की खाली गोल मोटार दिसेल, तीन स्क्रू आहेत. लहानपणी माझं घड्याळ खोललं होतंस, तेव्हा हे जमेल. घड्याळ मात्र अजून बंदच आहे. आईला नमस्कार, तुला लोभ नेहमीचाच.

दादा

दि. २० डिसेंबर

ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र येण्याआधी आणखी एकदा आईला नेलं होतं, पंखा बंद ठेवून, काच फडक्याने पुसत.

फ्यूजच्या जागी तांब्याची तार होती. फ्यूज सारखा उडायचा, पंखा थांबायचा, गारठ्याने आईचा पाय ठणकायचा. म्हणून बाबांनी ती तार गुंडाळली होती. मोटारीचा प्लग वितळून काळा झाला होता आणि शेजारचं कापड करपलं होतं. मी तो प्लग बाबांच्या हातावर ठेवला.

प्लग नवा जोडला, मोटार बसवली, योग्य फ्यूज घातला. पंखा आता आवाजही करत नाही. मी हात धुऊन परत आले तर बाबा गाडीत मागे, आईच्या जागी बसलेले. एक पाय सीटवर ताठ ठेवून ते आतून दार उघडू बघत होते. पलीकडच्या दारापर्यंत त्यांचा हात पोचत नव्हता. मला वाटलं हाक मारतील, पण ते नुसती कडी ओढत राहिले.

मी बाहेरून दार उघडलं. त्यांना घाम फुटला होता. माझा हात धरून उतरले आणि म्हणाले, ही कडी दुरुस्त होईपर्यंत तिला यात बसवायचं नाही.

आम्हा तिघांवर लक्ष असू दे.

तुझी,
खारूताई