नावं घेणारा म्हातारा

मंगळवार, ३ जून
आक्वापिमच्या डोंगरावर पोचलो. हवा झकास, खोली ऐसपैस, जेवायला केंकी, म्हणजे आंबवलेल्या मक्याचे उकडलेले गोळे, आणि तळलेली मासळी. निवृत्त पाद्र्यांच्या या आश्रमात चर्चने मला उपदेशक म्हणून धाडलंय. 'देव आणि काळ' यावर प्रबंध लिहिणाऱ्याने आता लाळ गाळणाऱ्यांपुढे बायबल वाचायचं. असो. ओसरीवरून लेकीला फोन केला. बुधवारी जन्मली म्हणून नाव अकुआ. म्हणाली, बाबा, येताना अननस आणा.

गुरुवार, ५ जून
सगळ्यात वाया गेलेला म्हातारा म्हणजे ओफेई पाद्री. शेजारी बसलेली बायको, फोरिवाबाई, त्याला ओळखू येत नाही. पण रोज सकाळी आभाळाकडे बघून आश्रमातल्या एकेकाचं नाव ओरडतो, पहिलं तिचंच. आज माझं आणि अकुआचंही घेतलं. फोन चोरून ऐकला असणार.

प्रवचनात सांगितलं, देव काळाबाहेर आहे, तुम्ही विसरलात तरी तो विसरत नाही. ओफेई खो खो हसला. म्हणाला, पुस्तकं वाचून आलास वाटतं पोरा. अरे, त्याचंही वय झालंय. सकाळी सांगितलेली नावं दुसऱ्या सकाळी विसरतो, विचारतो, हे कोण? मला कीव आली, त्याहून जास्त किळस.

रविवार, ८ जून
या बोंबलण्याने झोप मोडते. नर्स कोर्कोर म्हणाली, ओरडू द्या ना साहेब, तुमचं काय जातं? नर्सने मला शिकवायचं! काल रात्रीपासून ओफेईला झोपेचं औषध द्यायला लावलं. आजची सकाळ शांत गेली.

सोमवार
फोरिवाबाई जेवायला नाहीत. त्यांची खाटही नाही. कोर्कोर विचारते, कोण फोरिवाबाई? कालच हिने त्यांना भरवलं होतं. इथे नर्ससुद्धा भ्रमिष्ट.

मंगळवार
आणखी काही खाटा गायब. ओफेईला हलवून उठवलं. पाया पडलो, नावं घ्या, त्याला आठवण करून द्या म्हणालो. कसली नावं, म्हणाला. औषधाने — मीच द्यायला लावलेल्या —

बायकोला फोन केला. अकुआला दे म्हटलं. ती म्हणाली, कोणाला?

सकाळ
ओफेई नाही. कोर्कोर नाही. ओसरीवर मीच ओरडतोय. घसा बसला. असला विसरभोळा देव, आणि मी त्याच्यावर प्रबंध — अकुआ, अकुआ, अकुआ —

पुन्हा सकाळ
बुधवारी जन्मलेल्या मुलीला आमच्यात अकुआच म्हणतात. शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. मलाही आठवतंय. पण बुधवारी कोण —