पारूचा कापलेला सीन

प्रिय सुमनआत्या,

तुला पत्र लिहायची वेळ कधी आलीच नव्हती. पेणहून रोह्याला यायला गाडी होती, फोन होता, आणि तू असणारच असं मी धरून चाललो होतो. काल तुझ्या सुजाताचा फोन आला. "दादा, आईच्या वर्षश्राद्धाला हसरा फोटो पायजे. आमच्याकडं सगळे आधार कार्डासारखे हायत." मी म्हटलं, माझ्याकडे आहे. आणि धरमतरच्या खाडीवर केलेल्या शूटिंगची हार्ड डिस्क उघडली. उघडली नसती तर बरं झालं असतं, आत्या!

भुताच्या सिनेमांची गोडी मला लावलीस ती तूच. मे महिन्यात गच्चीवर पापड वाळत घालायचे आणि भर दुपारी खिडक्या बंद करून सीडी लावायची. पण तू बघायचीस फक्त सुरुवात. बाई घर झाडतेय, तिचा हात थांबतो, आणि वरच्या रिकाम्या मजल्यावर झाडू चालूच! नाहीतर विहिरीवर कोणी घागर ओढते आणि घागरीत निघतात दुसऱ्याच कोणाच्या बांगड्या! तू माझा दंड असा धरायचीस की वळ उठायचे. पहिला जीव गेला की तू निघालीस पापड उलटायला. "पुढं काय, पोलीस नि मांत्रिक. तू बघून सांग."

तुझं एक कायमचं गाऱ्हाणं होतं. "पयल्या झटक्यात जी मरते, तिचं नाव पन कोनी घेत नाय रे. तिच्या घरी कोन सांगनार? चुलीवर भात टाकून आली असंल ती." मी हसायचो. मेलेल्या बाईच्या भाताची काळजी करणारी प्रेक्षक अख्ख्या रायगडात तू एकटीच असशील!

लग्नांची शूटिंगं करून कंटाळलो आणि स्वतःचा भुताचा सिनेमा काढायची हुक्की आली, तेव्हा पहिल्या सीनला मला तूच हवी होतीस. खाडीच्या चिखलात निवटे मासे धरायला गेलेली बाई, आणि मागून कोणीतरी तिला तिच्याच आवाजात हाक मारतं. तू लगेच हो म्हणालीस, पण अट घातलीस. "आधी तिचं नाव ठेव, मग काय मारायची ती मार." पारू हे नाव तूच ठेवलंस. चुलीवरच्या भाताचा शॉटही हट्टाने घ्यायला लावलास. तो भात मग आम्ही सगळ्यांनी जेवायला घेतला.

सकाळच्या गाडीने आलीस, पिशवीत जुनं लुगडं घेऊन. चिखलात अशी पडलीस की जेटीवरचे बार्जवाले हातातलं काम टाकून बघत राहिले. घरी परतल्यावर सुजाताचं बाळ झेपावलं तर त्याला घेतलं नाहीस म्हणे! "मयतावरून आलेय, आधी आंघोळ करू दे." कोणाचं मयत विचारलं, तर म्हणालीस, "माझंच की!" ही गोष्ट सांगून मी किती जणांना हसवलंय!

आणि मग मी काय केलं? मुंबईच्या एका जाणकाराने सिनेमा बघितला. म्हणाला, सुरुवात संथ आहे, सरळ हिरोच्या गाडीवर या. त्याच्या ओळखीने कुठल्यातरी महोत्सवात लागेल, ही माझी हाव. मी पारूला कापलं, तिच्या भातासकट. तुला कळवायला फोन हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

रोह्यात शाळेच्या हॉलमध्ये सिनेमा दाखवला, तेव्हा तू अख्खी आळी घेऊन आलीस. ठेवणीतली साडी, केसांत अबोली. पडद्यावर गाडी आली तशी शेजारच्या जनाकाकीने विचारलं, "तू कुटं गो?" तू म्हणालीस, "थांब गो, पुढं हाय." सिनेमा सरकत होता आणि तू एकेकीला तेच सांगत होतीस. मी मागच्या भिंतीला टेकून उभा होतो. पुढे काही नाही, हे त्या हॉलमध्ये मला एकट्यालाच माहीत होतं.

दिवे लागले, मी पुढे आलो. तू बायकांना म्हणालीस, "माझंच काम जमलं नसंल गो." आणि मी जवळ उभा असून गप्प राहिलो! त्या अख्ख्या शूटिंगमध्ये जमलं होतं ते तुझंच काम, एवढं चारचौघींत बोलायला माझी जीभ का रेटली नाही? वर तूच माझ्या पाठीवरून हात फिरवलास. "भूत चांगलं होतं रे." अगं, रागवायचं तरी होतंस! दोन शिव्या घातल्या असत्यास तर मी तिथेच पाया पडलो असतो. मी आपलं सुटलो असं समजलो, आणि पावसाळा सरायच्या आत तू झोपेतच गेलीस.

काल फोटो शोधताना तो शॉट लावला. तुझ्या पदराखालच्या माईकचा आवाज मी आजवर ऐकलाच नव्हता. त्यावर भीतीचं संगीतच जायचं होतं, कोण कशाला ऐकतंय? काल ऐकला. तू पडतेस. मी ओरडतो, "सांगेपर्यंत हलायचं नाही हं, आत्या!" मग भरतीचं पाणी येताना दिसतं आणि आमची पळापळ होते. "कॅमेरा उचला! कॅमेरा उचला!" चित्र तिथे संपतं. माईकचा आवाज वेगळा रेकॉर्ड होत होता, तो चालूच राहतो.

आधी नुसतं पाणी. मग तुझी कुजबुज, शॉट बिघडू नये म्हणून अगदी हळू. "संजू, उठू का रे?" थोड्या वेळाने, "पानी कानात जातंय. उठू का?" मी तेव्हा जेटीवर मान खाली घालून, कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर तुझा मेलेला चेहरा किती छान आलाय, ते बघत बसलो होतो. शेवटी तू आपली आपणच उठलीस. निथळत आलीस आणि हसत विचारलंस, "मेले का रे नीट?" मी वर न बघता म्हणालो, एक नंबर.

तो हसरा फोटो मिळाला, आत्या. सुजाताला पाठवला. वर्षश्राद्धानंतरच्या रविवारी त्याच हॉलमध्ये सिनेमा लावतोय, पारूपासून. जनाकाकीला आणायला मी स्वतः जाणार आहे, आणि सुरू होण्याआधी सगळ्यांना सांगणार आहे की चुकलं ते माझं, तिचं नाही.

आणि तुला एक शब्द देतो. यापुढे कोणालाही पडायला लावलं, तर आधी त्या माणसाला हात देऊन उठवीन. कॅमेरा भिजला तर भिजू दे.

तुझा,
संजू